ॲनिमेशन पिक्चरचा सीक्वेल पहिल्याच्या तोडीचा आहे की नाही, हे कसं ओळखायचं

दर सुट्टीत कुठल्या ना कुठल्या ॲनिमेशन पिक्चरचा दुसरा नाहीतर तिसरा नाहीतर चौथा भाग येतोच, पोरं पोस्टर बघितल्यापासून मागे लागतात, आणि घरातल्या मोठ्यांमध्ये दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते सीक्वेल सगळे सारखेच, पहिल्याची सर कशालाच नाही, दुसरी म्हणते पोरांचाच पिक्चर आहे ना, एवढं काय बघायचं त्यात. मला दोन्ही पटत नाही. टॉय स्टोरी २, श्रेक २, कुंग फू पांडा २ हे पहिल्याच्या तोडीचे पिक्चर आहेत, काही बाबतीत तर पुढेच, आणि कार्स २ तसा नाही, आणि हा फरक का पडतो ते नीट सांगता येतं, नुसतं "मजा नाही आली" म्हणून सोडून द्यायची गरज नाही. पोरं आवडलेला पिक्चर परत परत बघतात, डायलॉगसकट पाठ करतात, त्यामुळे त्यांच्या पिक्चरबद्दल आपण आपल्या पिक्चरपेक्षा जास्त चोखंदळ असलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

खाली सांगतोय ती पद्धत थिएटरला जायच्या आधीही वापरता येते आणि घरी बघून झाल्यावरही. एक सांगून ठेवतो, पुढे स्पॉयलर भरपूर आहेत, कारण शेवटाबद्दल बोलल्याशिवाय हा विषय होतच नाही.

आधी पहिला भाग परत लावा, आणि शेवट नीट बघा

सगळ्यात महत्त्वाची स्टेप हीच, बाकीचं नंतर. सीक्वेल बघायच्या एक-दोन दिवस आधी पहिला भाग परत बघा, पूर्ण वेळ नसेल तर शेवटची वीसेक मिनिटं बघा, आणि स्वतःला एकच प्रश्न विचारा: इथे काय उघडं राहिलं? गाव वाचलं, व्हिलन हरला, गाणं झालं, ते सगळं ठीक, पण या लोकांच्या आयुष्यातली कुठली गोष्ट अजून मिटलेली नाही? ती एका वाक्यात लिहून काढा, मोबाईलमध्ये नोट करा. मग सीक्वेल बघताना तो त्या वाक्याकडे येतोय की दुसरीकडेच पळतोय ते बघायचं. माझ्या मते सीक्वेल पहिल्याच्या तोडीचा होतो की नाही ते ऐंशी टक्के इथेच ठरतं.

उदाहरण घ्या कुंग फू पांडाचं, २००८ चा. पो हा पांडा आहे आणि त्याचे वडील मिस्टर पिंग हे हंस आहेत, नूडल्सचं दुकान चालवतात, आणि अख्ख्या पिक्चरमध्ये कुणी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. शेवटाकडे मिस्टर पिंग गंभीर चेहरा करून म्हणतात की तुला एक गोष्ट फार आधीच सांगायला हवी होती, आपल्याला वाटतं आता सांगणार, आणि ते सांगतात सूपच्या सीक्रेट रेसिपीबद्दल. थिएटर हसतं. पण प्रश्न तसाच राहिला ना. २०११ च्या दुसऱ्या भागाने बरोबर तोच प्रश्न उचलला, पो कुठून आला, त्याच्या खऱ्या आईवडलांचं काय झालं, आणि ज्या गोष्टीवर आपण पहिल्यांदा हसलो होतो तिच्याच खाली एवढं दुःख होतं हे दाखवलं. शेन नावाचा मोर हा व्हिलनसुद्धा त्याच प्रश्नाशी जोडलेला आहे, पांडांचं गाव त्यानेच संपवलेलं असतं. जेनिफर यू नेल्सन या बाईंनी तो डिरेक्ट केलाय, मोठ्या हॉलिवूड स्टुडिओचा ॲनिमेशन पिक्चर एकटीने डिरेक्ट करणाऱ्या त्या पहिल्या बाई, आणि पोच्या आठवणींचे सीन त्यांनी बाकी पिक्चरपेक्षा वेगळ्या, हाताने काढल्यासारख्या चित्रांत ठेवलेत. तो पिक्चर मी पहिल्यापेक्षा वर ठेवतो.

इनसाइड आउट, २०१५, रायली नावाच्या मुलीच्या डोक्यातल्या भावनांचा पिक्चर. शेवटी तिच्या डोक्यात भावनांसाठी नवीन मोठा कन्सोल, म्हणजे कंट्रोल पॅनल, येतो, त्यावर लाल बटण असतं प्युबर्टीचं, आणि जॉय, म्हणजे आनंद ही भावना, म्हणते की रायली आता बारा वर्षांची झाली, अजून काय होणार आहे. झालं, सीक्वेलचं वाक्य त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं. २०२४ चा दुसरा भाग त्या बटणावरच सुरू होतो, रायली तेरा वर्षांची, अँग्झायटी, म्हणजे काळजी ही नवी भावना, येते, आणि शेवटी आइस हॉकीच्या मॅचमध्ये तिला पॅनिक अटॅक येतो तो सीन इतका नीट केलाय की ज्यांच्या घरात त्या वयाची पोरं आहेत त्यांनी तो एकदा तरी त्यांच्याबरोबर बसून बघावा. ढाचा बराचसा पहिल्यासारखाच आहे, भावना परत कंट्रोल रूमच्या बाहेर फेकल्या जातात आणि परत यायला धडपडतात, हे खरं. त्यामुळे मी तो पहिल्याच्या खाली ठेवतो, पण फार नाही.

श्रेक तर अजून सोपा, हिरो हिरवा राक्षस आणि बायको राजकन्या. २००१ चा पहिला भाग लग्नावर संपतो, आणि आपल्याकडे कुणालाही विचारा की लग्नानंतर काय उरतं, सासरवाडी. फियोना राजकन्या आहे, म्हणजे तिचे आईवडील राजाराणी कुठेतरी असणारच, आणि त्यांनी जावई म्हणून काय स्वप्न बघितलं असेल. २००४ च्या श्रेक २ मध्ये ते जेवणाचं टेबल आठवा, सासरा आणि जावई ताटावरून एकमेकांवर गुरगुरतायत, ते बघायला ॲनिमेशन आवडायची सुद्धा गरज नाही. प्रश्न खरा होता म्हणून विनोद पण खरे झाले.

आता याच चाळणीतून कार्स घाला, ज्यात सगळी पात्रं गाड्याच आहेत. २००६ चा पहिला भाग संपतो तेव्हा मॅक्वीन या रेसच्या गाडीला कळलेलं असतं की जिंकणं म्हणजे सगळं नाही, तो रेडिएटर स्प्रिंग्ज गावातच आपलं मुख्यालय हलवतो, गाव परत नांदायला लागतं. काय उघडं राहिलं? मला तरी काही सापडत नाही. कहाणी पूर्ण झाली होती. म्हणून २०११ मध्ये दुसरा भाग करायचा म्हटल्यावर बाहेरून काहीतरी आणावं लागलं, हेरगिरी आणली, टोकियो आणलं, इटली आणली, लंडन आणलं, आणि ॲनिमेशन म्हणाल तर देखणं आहे, पण बघताना सारखं वाटत राहतं की हे या गाड्यांबाबतच का चाललंय.

टॉय स्टोरीवर जरा थांबतो

कारण प्रश्नातून प्रश्न कसा निघतो ते शिकायला यापेक्षा चांगली शाळा नाही. १९९५ चा पहिला भाग हेव्याचा आहे, वुडी या जुन्या खेळण्याला वाटतं नवीन खेळणं, बझ, आलं, आता अँडीला, म्हणजे आपल्या छोट्या मालकाला, मी नको. शेवटी वुडी आणि बझ मित्र होतात, तो प्रश्न मिटतो. पण त्याच्याच पोटात दुसरा राहतो, दोघं मित्र झाले ठीक आहे, पण अँडी मोठा झाल्यावर दोघांचंही काय?

१९९९ चा दुसरा भाग हे थेट तोंडावर विचारतो. खेळणी जमवणारा एक माणूस वुडीला चोरतो, जपानमधल्या म्युझियमला विकायचं ठरवतो, तिथे काचेत राहून तो कायमचा टिकणार असतो. आणि जेसी ही बाहुली भेटते, जिला तिच्या मालकिणीने मोठी झाल्यावर सोडून दिलंय, तिच्या आठवणीचं ते गाणं सारा मॅक्लॉक्लनने गायलंय आणि रँडी न्यूमनने लिहिलंय, त्या दोन-तीन मिनिटांत जेवढं आहे तेवढं कित्येक अख्ख्या पिक्चरमध्ये नसतं. वुडीला माहितीये की अँडी मोठा होणार, आपल्याला विसरणार, तरी तो परत जातो. मुलांच्या पिक्चरमध्ये हिरोने डोळे उघडे ठेवून तोट्याचा निर्णय घेणं ही साधी गोष्ट नाही हो.

आणि २०१० चा तिसरा. मधे अकरा वर्षं गेली आणि अँडी पण मोठा झाला, सतरा वर्षांचा, कॉलेजला निघालाय, त्याचा आवाज पण तिन्ही भागांत त्याच मुलाचा, जॉन मॉरिसचा, जो स्वतः त्या काळात मोठा झाला. पहिला भाग ज्यांनी लहानपणी बघितला ते तिसऱ्याच्या वेळी कॉलेजात होते. शेवटी अँडी बॉनी नावाच्या छोट्या मुलीला एकेक खेळणं ओळख करून देत देत हातात देतो, आणि वुडीच्या वेळी त्याचा हात मागे येतो, तिथे प्रश्नाचं उत्तर पूर्ण झालं. २०१९ च्या चौथ्या भागाबद्दल लोक आजही भांडतात. तिसऱ्याला आणि चौथ्याला दोघांनाही ऑस्कर आहे, चौथा दिसायला अप्रतिम आहे, वुडीची जुनी मैत्रीण बो पीप छान लिहिलीये, पण माझ्या मते तो मिटलेला प्रश्न परत उकरतो. वुडीचं सगळं आयुष्य एका पोराच्या सोबत राहण्यावर उभं होतं, तो शेवटी बॉनीला सोडून जातो हे मला अजून पचत नाही, आणि बझला त्यात इतकं बावळट केलंय की आधीच्या तीन भागांतला बझ हाच का असं वाटतं. तुमचं मत वेगळं असेल तर हरकत नाही, पण भांडताना याच मुद्द्यावर भांडा, प्रश्न उरला होता का नव्हता.

काळ पुढे सरकलाय का ते बघा

ही दुसरी चाचणी, आणि ट्रेलरवरूनच बऱ्याचदा कळते. ॲनिमेशनमध्ये कुणी म्हातारं होत नाही, हीच त्यातली सगळ्यात मोठी सोय आहे आणि हाच सगळ्यात मोठा धोका. हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन २ मध्ये, २०१४ चा, हिरो हिकप पाच वर्षांनी मोठा झालाय, वीस वर्षांचा, दाढीचे खुंट दिसतात, बाप त्याला गावाचा प्रमुख करायला बघतोय आणि त्याला ते नकोय. पहिल्या भागात त्याने पाय गमावला होता, तो परत उगवलेला नाही, तो लोखंडी पाय तसाच आहे. बाप स्टॉइक मरतो, आणि मारतो कोण, हिकपचा लाडका ड्रॅगन टूथलेसच, दुसऱ्याच्या ताब्यात जाऊन. एवढी किंमत मोजायला लावणारे सीक्वेल फार नाहीत. तिसऱ्या भागात, २०१९ मध्ये, ड्रॅगन निघून जातात, आणि डीन डिब्लॉ या डिरेक्टरने ती कहाणी तीन भागांतच संपवली त्याबद्दल त्याला सलाम.

उलट द इन्क्रेडिबल्स २, सुपरहिरो कुटुंबाचा. दोन पिक्चरमध्ये चौदा वर्षांचं अंतर, २००४ आणि २०१८, पण कहाणी पहिला संपतो त्याच पार्किंगमध्ये त्याच मिनिटाला सुरू होते. डिरेक्टर ब्रॅड बर्डने पहिल्याचा वेग, गाड्या, घरं, म्युझिक सगळं परत उभं केलंय आणि बाळ जॅक-जॅक आणि रॅकूनची मारामारी पोरं लोळून हसतील अशी आहे. पण या वेळी आई कामाला आणि बाप घरी, एवढा बदल सोडला तर कुणी हललेलं नाही, आणि बापाला, म्हणजे बॉबला, परत तीच जळफळ की लोक मला का बोलवत नाहीत, जी त्याने पहिल्यातच गिळली होती. मजा पूर्ण आहे, उंची कमी आहे, असं मी म्हणेन. काळ न सरकताही सीक्वेल जमू शकतो, श्रेक २ हनिमूनवरून परत आल्यावर लगेच सुरू होतो, पण तिथे माणसाची जागा बदललेली असते, नवरा झालेला असतो तो.

हिरो शिकलेलं विसरलाय का

बघताना याच्यावर डोळा ठेवा, कारण आळशी सीक्वेल इथे पकडला जातो. लिहिणाऱ्यांना तोच प्रवास परत करायचा असतो म्हणून ते हिरोला परत मूर्ख करतात. कार्स २ मध्ये मॅक्वीनला गावातल्या मित्राची, मेटरची, चारचौघांत लाज वाटते, अरे पण गावातल्या साध्या लोकांची किंमत कळणं हाच तर पहिला पिक्चर होता ना.

यापेक्षाही वाईट म्हणजे पहिल्याने घातलेला नियम मोडणं. रेक इट राल्फ, २०१२, आर्केडमधल्या व्हिडिओ गेमच्या पात्रांचा पिक्चर, त्यात टर्बो नावाचा एक रेसर असतो, तो दुसऱ्याच्या गेमची हवा बघून स्वतःचा गेम सोडून जातो आणि त्यामुळे दोन्ही गेम कायमचे बंद पडतात, आर्केडमधल्या सगळ्यांना त्याचं नाव काढलं तरी धडकी भरते. २०१८ च्या राल्फ ब्रेक्स द इंटरनेटमध्ये राल्फची मैत्रीण व्हॅनेलोपी स्वतःचा गेम सोडून ऑनलाइन गेममध्ये राहायला जाते आणि पिक्चर ते स्वप्नांच्या मागे जाणं म्हणून साजरं करतो. मित्राला त्याच्या वाटेने जाऊ द्यावं हे सांगायचंय, चांगलंय, पण टर्बोचं काय? त्याच्याबद्दल नीट दोन वाक्यं जरी असती तरी मी मान्य केलं असतं. हुशार पोरांना हे बरोबर खटकतं, आणि खटकलं तर त्यांना गप्प करू नका.

साइडचा कलाकार हिरो झालाय? मग हे विचारा

पहिल्या भागात जो सगळ्यात जास्त हसवतो त्याला दुसऱ्यात मेन रोल द्यायचा मोह सगळ्यांना होतो. कधी जमतं, कधी पार फसतं, आणि ओळखायची युक्ती अशी की त्याच्या विनोदाच्या खाली काही दुखतंय का ते बघा. कार्स २ मध्ये मेन रोल मेटरला दिला, पण तो भोळा आहे, बस, भोळेपणाच्या खाली काही नाही, म्हणून दीड तास त्याच्यावर पेलत नाही. डोरी हा मासा बघा. फाइंडिंग निमोमध्ये, २००३ ला, तिचं विसरणं हा विनोद होता, आपण सगळे हसलो. २०१६ च्या फाइंडिंग डोरीत डिरेक्टर अँड्र्यू स्टँटनने विचारलं की असं विसरणारं मूल असेल तर त्याच्या आईवडलांचं काय होत असेल, आणि ती पिल्लू डोरी "मी तुम्हाला पण विसरले तर?" अशा अर्थाचं विचारते तेव्हा घशात काहीतरी अडकतं. शिंपल्यांच्या रांगांचा सीन तर मी सांगत नाही, बघाच. समुद्राची भव्यता निमोमध्ये जास्त होती, दुसरा बराचसा मत्स्यालयात अडकतो आणि शेवटचा ट्रकचा भाग अति झालाय, पण मनाला तो पोचतो.

आणि पुस इन बूट्स: द लास्ट विश, २०२२. श्रेक २ मधलं ते मोठे डोळे करणारं मांजर, त्याचा स्वतःचा पहिला पिक्चर २०११ ला आला तो ठीकठाक होता. अकरा वर्षांनी दुसरा आला आणि त्यात त्यांनी मांजराच्या नऊ जन्मांचा हिशोब काढला, आठ संपलेत, एकच उरलाय, आणि मृत्यू लांडग्याच्या रूपात शीळ घालत मागे लागलाय. जो कधी कशाला घाबरला नाही त्याला खरी भीती वाटते, झाडाला टेकून तो धापा टाकतो आणि ते छोटं कुत्रं काही न बोलता त्याच्या पोटावर डोकं ठेवतं. पहिल्यापेक्षा कित्येक पटींनी चांगला सीक्वेल कुठला म्हणून कुणी विचारलं तर मी हाच सांगतो.

प्रश्न विचारतोय की नुसती माहिती देतोय

यात भले भले फसतात. पहिल्या भागात काहीतरी गूढ ठेवलेलं असतं आणि सीक्वेलला वाटतं ते समजावून सांगितलं की काम झालं. फ्रोझन २, २०१९, याचं उदाहरण. एल्सा या राणीकडे बर्फाची जादू का आहे हे पहिल्याने सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कुणाला त्याची गरजही नव्हती, कारण पहिला पिक्चर जादूचा नव्हताच, बंद दाराच्या दोन बाजूंच्या बहिणींचा होता. दुसऱ्यात जंगल, चार महाभूतं, पाचवी शक्ती, आजोबांनी बांधलेलं धरण, इतकी माहिती येते की बहिणी मागे पडतात. या पिक्चरच्या मेकिंगवर डिस्नेने सहा भागांची सिरीज काढली होती, त्यात दिसतं की रिलीज जवळ येत होता तरी एल्साला बोलावणारा तो आवाज नेमका कुणाचा यावर टीमचं घोडं अडलेलं होतं. ती सिरीज जरूर बघा, किती मेहनती आणि प्रामाणिक लोक आहेत ते कळतं, आणि प्रश्नच पक्का नसेल तर त्या मेहनतीचं काय होतं ते पण कळतं. गाणी मात्र उत्तम आहेत, एल्सा त्या बर्फाच्या गुहेत शिरते ते गाणं पहिल्यातल्या कुठल्याही गाण्याइतकंच मला आवडतं.

प्रीक्वेललाही, म्हणजे पहिल्याच्या आधीची गोष्ट सांगणाऱ्या भागालाही, हीच कसोटी लावा. मॉन्स्टर्स युनिव्हर्सिटी, २०१३, माइक आणि सली हे दोन राक्षस मित्र होणार हे आपल्याला माहितीच आहे, मग बघायचं काय? पण तो पिक्चर सांगतो की माइकने जीव तोडून अभ्यास केला तरी तो भीतीदायक नाही तो नाहीच, दोघांना कॉलेजातून काढून टाकतात आणि कंपनीत पत्रं वाटण्यापासून सुरुवात करावी लागते. मार्कांच्या मागे धावणाऱ्या आपल्या घरांमध्ये हा पिक्चर जास्त बघितला गेला पाहिजे.

कुणी, कशासाठी बनवलाय ते बघा

तिकीट काढायच्या आधी पाच मिनिटं यावर घालवा. डिरेक्टर तोच आहे का, लिहिणारे तेच आहेत का, गाणी कुणाची. डिस्नेने १९९४ पासून बरीच वर्षं आपल्या जुन्या पिक्चरचे सीक्वेल थेट व्हिडिओ कॅसेट आणि नंतर डीव्हीडीवर काढले, सुरुवात अलादीनच्या दुसऱ्या भागाने, द रिटर्न ऑफ जाफरने झाली, तो टीव्हीवाल्या टीमने कमी खर्चात केला होता आणि त्यात जिनीला पहिल्यातला रॉबिन विल्यम्सचा आवाज पण नव्हता. सिंड्रेला २ म्हणजे तीन छोट्या गोष्टी एकत्र शिवलेल्या. हे पिक्चर ओटीटीवर मूळ पिक्चरच्या शेजारीच दिसतात, त्यामुळे पोरांना लावून देताना वर्ष आणि लांबी बघा, सव्वा तासाच्या आत-बाहेर असेल आणि मूळच्या डिरेक्टरचं नाव नसेल तर अपेक्षा त्या हिशोबाने ठेवा.

मोआना २, २०२४, आधी ओटीटीची सिरीज म्हणून जाहीर झाली होती, नंतर तिचा पिक्चर केला. बघताना जाणवतं, बोटीवर नवीन माणसं येतात, प्रत्येकाचा एकेक एपिसोड असावा तशी, आणि कुणाचंच नीट होत नाही. पहिल्यातली बरीच गाणी लिन-मॅन्युएल मिरांडाची होती, दुसऱ्यात तो नाही, आणि घरी येऊन पोरं कुठल्या भागातली गाणी म्हणतात ते बघा म्हणजे झालं.

पण एवढ्यावर शिक्का मारू नका. टॉय स्टोरी २ सुद्धा आधी थेट व्हिडिओवर काढायचा म्हणूनच सुरू झाला होता. नंतर थिएटरला न्यायचं ठरलं, बनत होतं ते मूळ टीमला पटेना, आणि त्यांनी कहाणी परत उभी करून साधारण नऊ महिन्यांत अख्खा पिक्चर केला. मधे एकदा चुकीच्या कमांडमुळे त्याच्या बऱ्याच फाइल्स उडाल्या होत्या, आणि गॅलिन सुसमन या बाईंनी बाळंतपणामुळे घरून काम करायला कॉपी नेलेली होती तिच्यावरून ते वाचलं. म्हणजे सुरुवात कशी झाली यापेक्षा "हे बरोबर नाही, परत करू" म्हणणारं कुणी तिथे होतं का, हे जास्त महत्त्वाचं.

कमाई मात्र अजिबात बघू नका. कार्स २ ने साधारण ५६ कोटी डॉलर कमावले, पहिल्या कार्सने ४६ कोटी. सीक्वेलचं तिकीट लोक पहिल्याच्या प्रेमाखातर काढतात, त्यामुळे तो आकडा पहिल्याच्याच खात्यात धरायला हवा.

आपल्याकडे बघताना

डबिंग विसरू नका. आपल्याकडे बरीच पोरं हे पिक्चर हिंदीत बघतात आणि दुसऱ्या भागाला स्टार लोकांचे आवाज घ्यायची पद्धत पडलीये. इन्क्रेडिबल्स २ ला हिंदीत काजोल होती, फ्रोझन २ ला प्रियांका आणि परिणीती चोप्रा, इनसाइड आउट २ ला रायलीसाठी अनन्या पांडे. काम चांगलं असो नसो, पोरांच्या कानात पहिल्याचा आवाज बसलेला असतो, आणि तो बदलला की "ही खरी एल्सा नाही" अशी कुरकुर सुरू होते. त्यामुळे पोर कुरकुरलं तर आधी बघा की त्याला कहाणी खटकतेय की आवाज, आणि शक्य असेल तर दोन्ही भाग एकाच भाषेत दाखवा.

आपल्या देशातलं उदाहरण म्हणाल तर हनुमान. २००५ चा, व्ही. जी. सामंत आणि मिलिंद उके यांचा, पुराणातली कथा सरळ सांगणारा, आणि तो चालल्यावर २००७ मध्ये रिटर्न ऑफ हनुमान आला अनुराग कश्यपचा, त्यात हनुमान आजच्या काळात मारुती नावाचा मुलगा होऊन जन्म घेतो. नाव सोडलं तर दोघांत फार कमी साम्य आहे. त्याला सीक्वेल म्हणून मोजण्यापेक्षा स्वतंत्र पिक्चर म्हणून बघितलं तर जास्त न्याय होतो, आणि हे परदेशी पिक्चरनाही लागू आहे, काही "भाग २" हे नावापुरतेच भाग २ असतात.

पोरांबरोबर बघण्याचं थोडं

वय बघून लावा. चांगले सीक्वेल पहिल्यापेक्षा बहुतेक वेळा जास्त गडद असतात, कारण त्यांना खरी किंमत मोजायची असते. लास्ट विशमधला लांडगा पाच-सहा वर्षांच्या पोराला रात्री झोपू देणार नाही, टॉय स्टोरी ३ मधला भट्टीचा सीन, जिथे सगळी खेळणी एकमेकांचे हात धरतात, तिथे लहान पोरं अक्षरशः आपल्या मांडीत शिरतात, आणि ड्रॅगन २ मध्ये बाप जातो हे, घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर, आधी सांगून ठेवा. पोर हळवं असेल तर आधी तुम्ही एकटे बघा.

पिक्चर संपल्या संपल्या "आवडला का" विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी हो असतं. दोन-तीन दिवसांनी सहज विचारा की त्यात काय झालं होतं रे. पोर जर फक्त विनोद आणि मारामाऱ्या सांगत असेल, तर सीक्वेलने वेळ छान घालवला, त्यातही वाईट काही नाही. पण ते जर म्हणालं की पोला कळलं ना की त्याच्या आईने त्याला मुळ्यांच्या खोक्यात लपवलं होतं, आणि मग स्वतःच विचारलं की मिस्टर पिंगना वाईट वाटलं असेल का, तर त्या नोटमधल्या वाक्याशेजारी बिनधास्त टिक करा आणि तिसरा भाग आला की तिकीट काढा.